जादा एन

सिडकोच्या फायलीत आमच्या आडनावाला एक एन जास्त आहे.
चौऱ्याऐंशी साली कुणा टायपिस्टचं बोट
वेळेवर उचललं गेलं नाही,
तेव्हापासून करावे गावचे केणी इंग्रजीत केनी झाले
आणि साडेबारा टक्क्यांचा प्लॉट
बेलापूरच्या तिसऱ्या मजल्यावर बसून राहिला.
बाबांनी सात प्रतिज्ञापत्रं केली:
‘उपरोक्त दोन्ही नावांचा इसम मी एकच.’

तोच जादा एन माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर.
तो वाचून करावे जेट्टीवर एक लालबुंद माणूस ओरडला,
‘कझिन!’
डेक्लन केनी. गाव गॉलवे. काम न्हावाशेव्याच्या क्रेनवर,
राहायला सीवूड्सच्या एकोणिसाव्या मजल्यावर,
जिथे आमचं खाजण होतं.
रोज संध्याकाळी रोहित पक्षी मोजायला यायचा
आणि रोज मोजणी चुकायची.

मी रबाळ्याच्या लॅबमध्ये थुंकीवर पोट भरते.
त्याने हसत हसत नळी भरून दिली.
मी समजावलं: आडनाव आणि वाय गुणसूत्र
बापाकडून मुलाकडे बरोबरच चालतात,
बैल आणि त्याच्या गळ्यातली घंटा तशी.
सांगायचं राहिलं ते एवढंच,
की लांबून फक्त घंटा ऐकू येते.

सदतीस जागा तपासल्या.
गॉलवेच्या एकाही केनीशी तो जुळला नाही.
जुळली अकरा माणसं,
आणि अकराच्या अकरा डोनेलन.

बराच वेळ तो होड्या बांधायच्या खुंटावर बसला.
मग म्हणाला, आमच्या दफनभूमीत
केनी नावाचे पाच दगड आहेत.
लहानपणी मी त्यांच्यावरचं शेवाळ खरवडायचो.
कुठल्या दगडाखाली गडबड झाली,
हे तुमचं मशीन सांगतं का?
नाही सांगत.

बाबा जाळं तुणत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं,
‘काय झाला त्याला?’
मी सांगितलं, जमेल तसं.
‘इचार त्याला, जेवाला कोनी घातला?’
विचारलं. ‘केनींनी,’ तो म्हणाला.
‘मंग?’
बाबांनी दाताने दोरा तोडला.
‘माजा आजा पन चिमीच्या कंबरंवर बसून आयलाय.
मोऱ्याशी, होडीन. तीन वर्सांचा.
जोमा केन्यान त्याला नाव दिला, मिठागराचा फावरा दिला.
त्याचा बापूस कोन, चिमीन कंदी सांगितला नाय.
आमी पन इचारला नाय.’

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.
पर्समध्ये दुसरी नळी होती,
स्टाफला अर्ध्या किमतीत मिळते ती.
लेबलवर बाबांचं नाव माझ्याच अक्षरात,
एका एनने लिहिलेलं.
आणि जाळ्याच्या पलीकडे, वीस पावलांवर,
अनंताकाकाचं घर, ज्याने मार्चपासून
आमच्या वारस दाखल्यावर हरकत घेतली आहे,
आणि जो अस्सल जोमाचा,
सदतीसच्या सदतीस जागी.

मी डेक्लनसाठी भाषांतर केलं.
मोऱ्यापर्यंत केलं. पुढचं गिळलं.
पण त्याने बाबांकडे असं पाहिलं,
की त्याला फावडंही कळलं असावं.
थोड्या वेळाने तो म्हणाला,
ते दोन्ही नावांचा इसम एकच वालं पत्र,
ते कुठे करून मिळतं?
बेलापूर कोर्टाबाहेर, मी म्हटलं,
टपरीवाल्याच्या शेजारी स्टॅम्पवाला बसतो.
शंभराचा कागद. दोन फोटो आण.

बाबा उठले. तोंडात तंबाखू भरलेली.
जेट्टीच्या कडेला जाऊन ते खाडीत पचकन थुंकले.
पर्समधल्या नळीवर माझा हात होता.
पाणी उतरत होतं,
ते सगळं घेऊन उरणच्या बाजूला निघालं.